कन्हानची शिंपी आणि रत्नागिरीचे शिणाणे

वाचक विचारतात

प्रश्न : मॅडम, माझ्या आजीजवळ कन्हान नदीतली एक शिंपी होती. दगडावर घासून घासून तिनं शिंपीच्या फुगीर पाठीला भोक पाडलं होतं आणि त्या भोकाच्या धारेनं ती कैरीची सालं काढायची. आजी गेली, शिंपी अजून घरात आहे. मागच्या महिन्यात मुलाकडे रत्नागिरीला गेलो होतो, तो तिकडं नोकरीला आहे. तिथं हिरवे शिणाणे खाल्ले. मुलगा म्हणाला, "बाबा, ह्या आपल्या कन्हानच्याच शिंप्या जी, फक्त खाऱ्या पाण्यातल्या." हे खरं आहे का? दोन्ही एकाच जातीचे का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : नाही. एका जातीचे तर नाहीतच, पण जवळचे भाऊबंदही नाहीत. तुमच्या मुलाला मात्र रागावू नका. ज्यानं प्राण्यांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून दिली त्या लिनियसनंही हेच केलं होतं. १७५८ साली त्यानं 'मायटिलस' ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली आणि तिच्यात समुद्रातले शिंपले घातलेच, शिवाय युरोपच्या तळ्यांतली मोठी शिंपी 'मायटिलस सिग्नियस' म्हणून घातली आणि मोत्याचा कालवही 'मायटिलस मार्गारिटिफेरस' म्हणून त्याच टोपलीत टाकला. तुम्ही रत्नागिरीला खाल्लेले हिरवे शिणाणेही त्यानं 'मायटिलस व्हिरिडिस' या नावानं तिथंच ठेवले होते. बाहेरून पाहिलं की सगळे सारखेच: दोन पुटं, मध्ये मऊ जीव. पुढच्यांनी शिंपले उघडून आत पाहिलं, तेव्हा ही टोपली रिकामी व्हायला लागली.

तुम्हीही तेच करा. आजीची शिंपी हातात घ्या आणि उजेडात आतून तिरपी धरा. चकाकणाऱ्या आतल्या अंगावर दोन्ही टोकांजवळ एकेक वळ दिसेल. पुढच्या टोकाचा जरा खोल, मागच्या टोकाचा उथळ आणि गुळगुळीत. बोट फिरवलं की कळतोच. जिवंतपणी तिथं दोन स्नायू चिकटलेले होते, दोन्ही जवळपास सारख्या ताकदीचे. दार दोन कड्यांनी बंद करावं तशी ती शिंपी स्वतःला बंद करायची. वरच्या काठाशी, बिजागरीपाशी, लांबट पट्टीसारखे दात असतील. त्या पट्ट्यांवरूनच हिच्या प्रजातीला 'लॅमेलिडेन्स' नाव पडलं. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांत सगळ्यांत जास्त सापडते ती 'लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस', आणि तुमच्या वर्णनावरून आजीची शिंपी बहुधा तीच आहे.

आता मुलाला फोन करून सांगा, की शिणाणे खाऊन झाले की एक शिंपला धुऊन ठेव. त्याच्या आत पुढच्या टोकाला, म्हणजे निमुळत्या चोचीपाशी, तसा वळ सापडायचा नाही. हिरव्या शिणाण्याला पुढचा स्नायू नसतोच. मागचा एकच, पण चांगला दणकट. युरोपातल्या निळ्या शिंपल्याला, 'मायटिलस एड्युलिस'ला, पुढचा स्नायू असतो, पण अगदी नावापुरता.

हा फरक का पडला, हे मला वर्गात सांगायला फार आवडायचं, म्हणून इथंही थोडी थांबते. कन्हानची शिंपी गाळात राहते. तिचा पाय नांगराच्या फाळासारखा, चपटा आणि ताकदीचा. पाय गाळात रोवायचा, फुगवायचा, अंग पुढं ओढायचं, असं ती चालते. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर वाळूत दिसणारी ती लांब रेघ म्हणजे तिचीच वाट. चालणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या लागतात, म्हणून तिचे दोन्ही स्नायू टिकले. शिणाण्याचं आयुष्य उलट आहे. तो खडकाला धाग्यांनी बांधून घेतो आणि दाटीत उभा राहतो. बांधलेलं टोक खाली, तिथं दोन शिंपल्यांच्या मध्ये जागाच नाही, म्हणून पुढची बाजू आक्रसत गेली. मागचं टोक वर, मोकळ्या पाण्यात, पाणी आत-बाहेर करायला, म्हणून ते रुंदावलं. शिणाण्याचा तो तिरका, पाचरीसारखा आकार बांधून राहण्यातून आलेला आहे.

आणि बांधून राहिलं की आकार असा होतो, मग नातं असो वा नसो. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडच्या नद्यांतला पट्टेरी शिंपला बघा. गोड्या पाण्यात राहतो, पण धाग्यांनी दगडाला बांधून घेतो आणि दिसतो थेट शिणाण्याच्या पिल्लासारखा. पल्लास नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं १७७१ मध्ये त्यालाही 'मायटिलस'च म्हटलं. आज तो वेगळ्याच शाखेत आहे, वाळूत राहणाऱ्या 'तिसऱ्या' नावाच्या शिंपल्यांच्या बाजूला.

आता वंशावळ. कन्हानची शिंपी आणि शिणाणे, दोघं मृदुकाय संघाचे, दोघं द्विपुट वर्गाचे. इथपर्यंत एक. त्यानंतर वाट फुटते. शिणाणे टेरिओमॉर्फिया या उपवर्गात, मायटिलिडा गणात, मायटिलिडी कुळात. प्रजाती 'पर्ना', जाती 'व्हिरिडिस'. त्याच उपवर्गात कालवं आहेत, मोत्याचा कालव आहे, पंख्यासारखे स्कॅलप आहेत. कन्हानची शिंपी पॅलिओहेटेरोडोंटा उपवर्गाची, युनिओनिडा गणाची. म्हणजे शिणाण्याला कन्हानच्या शिंपीपेक्षा मालवणचं खडपी कालव जवळचं. दोघांच्या वाटा फुटून चाळीस कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. डायनासोर फार नंतरचे.

पिल्लं वाढवण्याची रीतही दोघांची अगदी वेगळी. शिणाण्यांमध्ये नर आणि मादी वेगळे. दोघंही आपली बीजं सरळ समुद्रात सोडतात. अंडी लाखांनी. पिल्लू दोन-तीन आठवडे लाटांवर तरंगतं, मग खडक शोधून बसतं. शिजवलेल्या शिणाण्यांमध्ये काहींचं मांस साईसारखं पांढरट आणि काहींचं विटकरी-केशरी असतं. पांढरा नर, केशरी मादी. कन्हानची शिंपी वाहत्या पाण्यात असं करू लागली तर पिल्लं थेट बंगालच्या उपसागराला लागतील. म्हणून मादी अंडी आपल्या कल्ल्यांत सांभाळते आणि तयार झालेली पिल्लं बाहेर सोडते. त्यांना ग्लोकिडियम म्हणतात. ती जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला किंवा परांना धरतात, काही दिवस त्याच्या अंगावर राहतात आणि मग गळून गाळात पडतात. मासा प्रवाहाच्या वरच्या अंगाला जातो तेव्हा शिंपीची पिल्लंही वर जातात. म्हणून नदीतला मासा संपला की शिंपी संपते, पाणी भरपूर असलं तरीसुद्धा. कामठीचे जुने ढीवर हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी शिकवायला लागले तेव्हा प्रॅक्टिकलसाठी शिंप्या तेच आणून द्यायचे, ओल्या पोत्यात गुंडाळून. आम्ही त्या कोमट पाण्यात ठेवायचो आणि पुटांच्या फटीतून स्केलपेल घालून पुढचा स्नायू कापायचो, मग मागचा. दुसरा कापला की शिंपी आपोआप सैल व्हायची. मुलं जर्नलमध्ये 'युनिओ' लिहायची, पुस्तकात तसं होतं म्हणून. टेबलावर असायची ती लॅमेलिडेन्सच. मी दरवर्षी ते नाव खोडून नीट लिहायला लावायचे.

आजीची शिंपी जपून ठेवा. आणि भोकाच्या कडेला थरही पाहा: बाहेर तपकिरी साल, मधे पांढरा खडूसारखा थर, आत मोत्याचा. घासताना आजी तिन्ही थर ओलांडून गेली आहे.

प्रश्न : मॅडम, आमच्या शाळेत सरांनी सांगितलं, की समुद्रातला शिंपला पाण्यातच गोंद तयार करतो आणि दगडाला चिकटतो. फेव्हिकॉल तर ओल्या जागेवर चिकटत नाही. मग त्याचा गोंद कसा चिकटतो?
— इयत्ता आठवी, हुडकेश्वर

उत्तर : तुझा प्रश्न मोठमोठ्या प्रयोगशाळांचा आहे, बाळा. आणि फेव्हिकॉलचं तू बरोबर पाहिलंस. ओल्या जागेवर पाण्याचा एक पातळ थर असतो. गोंद दगडाला लागतच नाही, त्या पाण्याला लागतो, आणि पाणी कोणाचं धरून राहणार?

मी हे डोळ्यांनी पाहिलं ते रत्नागिरीला, २००३ च्या जानेवारीत. आमची सहल होती, नागपूरहून दोन रात्रींचा प्रवास. ओहोटीला एक मावशी खडकांवरचे शिणाणे लोखंडी सळईनं उचकटत होत्या. मी हातानं ओढून पाहिला तर हलेना. मावशींनी सांगितलं, "ताई, ओढू नका, बोट कापेल. त्याच्या दाढीला धरून पिळा." दाढी म्हणजे शिंपल्याच्या फटीतून निघालेले तपकिरी धागे. शास्त्रात त्यांना बायसस म्हणतात, पण मला दाढीच आवडतं. मी तीन शिणाणे घेतले, लोणच्याच्या काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी भरून खोलीवर आणले आणि टॉर्च घेऊन रात्री बसले. विद्यार्थिनी झोपेना, त्याही आल्या.

पाऊण तासानं एका शिणाण्यानं पुट उघडलं आणि फटीतून जिभेसारखा पाय बाहेर आला. तो काचेवर इकडं लागला, तिकडं लागला, चाचपत होता. मग एका जागी टोक दाबून निश्चल राहिला. काही मिनिटं काहीच नाही. मग पाय उचलला गेला, आणि त्या जागेपासून शिंपल्यापर्यंत एक धागा ताणलेला होता, केसाएवढा बारीक, टोकाला काचेवर गोल पांढुरकी टिकली. एक मुलगी ओरडलीच, "मॅडम, त्यानं टाका घातला!" सकाळी उठून पाहिलं तर दोन शिणाणे काचेला चिकटलेले, तिसरा पहिल्याच्या पाठीवर.

आता पाय दाबून तो काय करतो ते ऐक. पायाच्या खालच्या अंगाला एक खाच असते. त्या खाचेत, साच्यात ओतावीत तशी प्रथिनं सोडली जातात आणि तिथंच धागा बनून घट्ट होतो. टोकाच्या टिकलीतल्या प्रथिनांमध्ये 'डोपा' नावाचं एक अमिनो आम्ल भरपूर असतं. हे दगडावरचा पाण्याचा थर बाजूला सारून थेट दगडाला धरतं. हर्बर्ट वेट नावाच्या शास्त्रज्ञानं १९८१ मध्ये हे प्रथिन ओळखलं. तेव्हापासून ओल्या जखमेवर चिकटणारा गोंद बनवायचा प्रयत्न चालला आहे, कारण शरीराच्या आत सगळं ओलंच असतं. तुझ्या घरी कोणाला पार्किन्सनचा त्रास असेल आणि ते लेव्होडोपाच्या गोळ्या घेत असतील, तर तो हाच डोपा.

धाग्याची आणखी एक गंमत. दगडाकडचं अर्धं ताठ असतं, शिंपल्याकडचं अर्धं रबरासारखं ताणतं. लाट आली की रबराचा भाग झटका झेलतो, म्हणून धागा तुटत नाही. जागा आवडली नाही तर शिंपला जुने धागे सोडून देतो आणि थोडं सरकून नवे टाकतो. युरोपातल्या शिंपल्यांवर एक मांसाहारी गोगलगाय चढून कवचाला भोक पाडते. तेव्हा आजूबाजूचे शिंपले तिच्यावरही धागे टाकतात आणि तिला जागच्या जागी बांधून टाकतात.

नागपुरात तुला हे पाहता येणार नाही, कारण नदीची मोठी शिंपी असे धागे करत नाही. पण रत्नागिरीला कधी गेलास तर काचेची बरणी घेऊन जा आणि सकाळी शिणाणे पुन्हा खडकावर ठेवून ये. आम्ही ठेवले होते.

प्रश्न : मंगळवारी बाजारात एका दुकानदाराकडं गोठवलेले, अर्ध्या शिंपल्यातले 'मसल्स' मिळाले. पाकिटावर न्यूझीलंड लिहिलंय. माझं माहेर मालवणचं, तिथले तिसऱ्या आणि शिणाणे मला ठाऊक आहेत. हे तेच का? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात खायला सुरक्षित आहेत का?
— एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : तेच नाहीत, पण शिणाण्यांचे सख्खे भाऊ आहेत. न्यूझीलंडचा हिरवा शिंपला 'पर्ना कॅनॅलिक्युलस', तुमचा 'पर्ना व्हिरिडिस'. केरळच्या दक्षिण टोकाला तपकिरी 'पर्ना पर्ना' मिळतो. तिसऱ्यांचं घराणं निराळं, त्या वाळूत राहतात आणि बांधून घेत नाहीत.

सुरक्षिततेचं मात्र मी स्पष्टच लिहिते. ताज्या शिणाण्यांची परीक्षा तुम्ही माहेरी शिकला असालच: उघडा दिसला तर टिचकी मारायची, मिटला तर जिवंत, नाही मिटला तर टाकून द्यायचा. अर्ध्या शिंपल्यातल्या गोठवलेल्या मालाला ही परीक्षा लागू होत नाही, म्हणून सगळी भिस्त बर्फावर. पाकिटाच्या आत बर्फाचा एकसंध गोळा झाला असेल किंवा मांस एका कोपऱ्यात सरकून गोठलं असेल, तर तो माल वाटेत वितळून पुन्हा गोठला आहे. घेऊ नका. मे महिन्यात दुकानातून घरी येईपर्यंत वीस मिनिटं लागत असतील तर बर्फाचा डबा घेऊनच जा. वितळवायचे ते फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही, आणि उरलेले परत गोठवायचे नाहीत. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी हेही टाळलेलं बरं.

शिंपला खातो कसा हे लक्षात घेतलं की भीती कशाची ठेवायची ते कळतं. तो तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ ठेवून घेतो. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. म्हणूनच १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी सुचवलं, की किनाऱ्यावरचे शिंपले तपासून समुद्र किती बिघडला ते मोजावं, आणि तसं मोजलंही जातं. काही शेवाळं विषारी असतात. त्यांचं विष शिंपल्याला बाधत नाही, माणसाला बाधतं, आणि शिजवून जात नाही. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिंपल्यांतून अशी विषबाधा होऊन माणसं दगावली. म्हणून ज्या किनाऱ्यावर स्थानिक माणसं त्या हंगामात शिणाणे खात नाहीत, तिथं आपणही खाऊ नयेत. त्यांच्या त्या नियमामागं पिढ्यांचा अनुभव असतो.

आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते: अंबाझरी, फुटाळा किंवा नाग नदीतल्या शिंप्या कृपा करून खाऊ नका. दोन वर्षांपूर्वी फुटाळ्याच्या काठावर काही मुलं शिंप्या गोळा करून भाजताना मला दिसली. शहराचं सांडपाणी गाळणारा जीव आहे तो. मी त्यांना तिथंच थांबवलं आणि घरून वरण-भात आणून दिला.

प्रश्न : शिणाण्यांची शेती करता येते का? आणि नागपुरात शिंपीपासून मोत्याच्या शेतीच्या जाहिराती येतात, त्या खऱ्या का?
— एक शेतकरी, पारशिवनी

उत्तर : शिणाण्यांची शेती होते, केरळात कासारगोडच्या पडन्ना भागात मोठ्या प्रमाणावर. नायलॉनच्या दोराला बोटाच्या पेराएवढे शिणाणे लावतात आणि वरून सुती मच्छरदाणीचं कापड शिवतात. काही दिवसांत शिणाणे धाग्यांनी दोराला धरतात, तोवर कापड कुजून गळून जातं. हिवाळ्याच्या सुरुवातीला दोर सोडायचे, पावसाआधी काढायचे. पण खारं पाणी लागतं, तुमच्या पेंचच्या पाण्यात टिकणार नाहीत.

मोत्याचं म्हणाल तर आपली लॅमेलिडेन्स मोती करते, हे खरं. त्यासाठी शस्त्रक्रिया करून तिच्या अंगात मणी ठेवावा लागतो आणि नंतर महिनोन् महिने तळ्याचं पाणी राखावं लागतं. बऱ्याच शिंप्या त्यात मरतात. भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था याचं प्रशिक्षण देते. आधी ते घ्या, पन्नास शिंप्यांवर हात बसवा. जो जाहिरातदार पहिल्या भेटीतच शिंप्या विकत घ्यायला सांगतो आणि मोती परत विकत घेण्याची हमी देतो, त्याला पैसे देऊ नका. आणि शिंप्या नदीतून पोत्यांनी उपसू नका. तुमच्या तळ्यात मासा असेल, तर पिल्लं तिथंच होतील.